दहाव्या सभासदाची वीट

माझ्या मुलीच्या खोलीत एकच खुर्ची आहे, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

खुर्ची तशी चांगली आहे. पाडलेल्या कुठल्याशा दवाखान्यातली, जाड लाकडाची, तिने स्वतः घासून तेल पाजलेली. पण एकच. मी गेले की ती मला खुर्ची देते आणि आपण पलंगाच्या कडेवर टेकते. मी नसते तेव्हा तिथे कोण टेकतं? कुणीच नाही, हे उत्तर मला त्या खोलीत बसल्या बसल्या मिळतं. ज्या घरात माणसांची ये-जा असते तिथे दुसरी खुर्ची आपोआप येते. शेजारून मागून आणलेली, एक पाय आखूड असलेली, कसलीही. आणि ही तर जुन्या सामानाच्याच कामात आहे. त्यांच्या वखारीत खुर्च्यांवर खुर्च्या रचून ठेवलेल्या मी पाहिल्यात.

एकदा न राहवून मी म्हटलं, "अगं, अजून एक आण की."

"कशाला? तू आलीस की मी पलंगावर बसते. भागतं आपलं."

"आणि अजून कुणी आलं तर?"

"तर मी उभी राहीन. दिवसभर उभीच असते," असं म्हणून ती हसली. हसणं तिने वडिलांचं घेतलंय, ओठाच्या एकाच कोपऱ्यातून.

आता घरातले सगळे दिवे बंद करून, टेबलावरचा तेवढा ठेवून, मी हे लिहायला बसलेय. उद्या दुपारी तिच्या संस्थेची सभा आहे. तिथून ती सभासद म्हणून परत येईल की सगळं सोडून येईल, हे त्या सभेत ठरणार. ज्या माणसांबरोबर तिने उमेदीची सगळी वर्षं घालवली, त्यांच्याशिवाय तिला दुसरं कुणी नाही. आणि या ठरण्यात माझाही हात आहे, हे मला गेल्या आठवड्यापर्यंत ठाऊकच नव्हतं. ते कसं, हे सांगायचं तर आधी ती कोण हे सांगायला हवं.

लहानपणी इतर मुलं ठोकळ्यांचं घर बांधायची आणि लाथ मारून पाडायची. पाडण्यातच मजा असते म्हणा. हिला ते सोसायचं नाही. खेळ संपला की ही वरून एकेक ठोकळा उचलायची, पुसायची, डब्यात ठेवायची. तिचा भाऊ मुद्दाम धक्का द्यायला यायचा आणि मग घरात रडारड. तिच्या वडिलांनी तिचं नाव 'खटपटी' ठेवलं. घड्याळ बंद पडलं की "खटपटीला द्या", नळ गळला की "खटपटी कुठाय?" ती सगळं सोडवायची. पुन्हा जोडलेलं प्रत्येक वेळी चालायचंच असं नाही, पण सोडवताना एक स्क्रूसुद्धा हरवायचा नाही.

आमचं घर सिमेंटवर चाललं. म्हणजे तिचे वडील सिमेंटच्या एका व्यापाऱ्याकडे विक्रीचं काम बघायचे. त्यांच्या शर्टाच्या शिवणीत राखाडी पूड असायची. कितीही धुतलं तरी जायची नाही. मुलीने बांधकामाचं शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. "आता घरचंच गिऱ्हाईक झालं," म्हणाले. शिकली, पहिल्या वर्गात आली, इमारती बांधणाऱ्या मोठ्या कंपनीत लागली. मीसुद्धा सुटकेचा निःश्वास टाकला. मी शाळेत भूगोल शिकवत होते. आता निवृत्तीनंतर आपल्याला काही काळजी नाही, असं मला वाटलं. माझं वाटणं असं अधूनमधून चुकतं.

कंपनीने तिला एका जागेवर पाठवलं. तिथे एक दुमजली घर होतं, ते पाडून नवं काही उभं राहायचं होतं. सकाळी यंत्र आलं, त्याने आपला लांब हात उगारला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत घर संपलं. खिडक्या, दारं, जिन्याचे कठडे, सगळं एकाच ढिगात. तिचं काम तो ढीग ट्रकमध्ये भरून गावाबाहेर टाकला जातोय ना, एवढं बघायचं. संध्याकाळी ती घरी आली ती पिशवीत एक वीट घेऊन.

"लोक पगार घेऊन येतात, आमची लेक विटा घेऊन येते," तिचे वडील म्हणाले.

तिने ती वीट ताटाशेजारी ठेवली. मी ओरडले, जेवणाच्या टेबलावर कसली वीट! पण तिने ती उलटी करून दाखवली. एका बाजूला तीन बोटांचे ठसे होते. कच्ची असताना कुणीतरी उचलली असणार, आणि तशीच भाजली गेली.

"चुन्यात बांधलेली होती, म्हणून अख्खी निघाली," ती म्हणाली. "चुन्याच्या भिंतीला छिन्नीचा हलका टोला दिला की वीट सुटते. सिमेंटातली सुटत नाही, तुटते."

"म्हणजे आमचा माल पक्का, असंच ना?" वडील.

"बाबा, ही भाजायला जे जाळायचं ते कधीचंच जाळून झालंय. तो धूर काही परत घेता येत नाही. मग निदान वीट तरी फुकट घालवू नये. ही टाकायची आणि दुसरी भाजायची, पुन्हा धूर. जग तापतंय तापतंय म्हणून सगळे ओरडतात आणि आम्ही रोज हेच करतो."

ते म्हणाले, "खटपटी, तू आता काहीतरी उद्योग करणार, हे मला दिसतंय. आधी जेवून घे."

ती वीट पुढे आमच्या मागच्या दाराला अडसर झाली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. अजूनही तिथेच आहे.

तिने नोकरी सोडली, हे काही एका दिवसात झालं नाही. पण सोडली. तिच्याबरोबर कंपनीतला एक तरुण होता, त्याच्याशी लग्नाचं जवळजवळ ठरलं होतं. तो म्हणाला, आधी बाहेरदेशी चार वर्षं काढू, मग तुझं काय ते कर. ती म्हणाली, तू जा. तो गेला. तिने त्याबद्दल माझ्याजवळ चकार शब्द काढला नाही आणि मी विचारलं की भांडी घासायला उठायची. आमच्या घरात इतकी स्वच्छ भांडी त्याआधी कधी नव्हती.

मग माणसं जमली. एक सुतार, जो जुनी दारं दुरुस्त करायचा. चुना भिजवून मळून देणाऱ्या एक मावशी, ज्यांना आता कुणी काम देत नव्हतं. टेम्पोवाले मामा. काही गवंडी, काही पाडकाम करणारे. जुनी इमारत यंत्राने न फोडता हाताने सोडवायची, विटा, लाकूड, लोखंड वेगळं करून साफ करायचं आणि नव्या बांधकामाला, दुरुस्तीला विकायचं, हा त्यांचा धंदा. पण मालक कुणीच नाही. सहकारी संस्था. जो काम करतो तो सभासद, सभासदाला एक मत, मग तो इंजिनियर असो की टेम्पो चालवणारा. वरकड राहील त्यातून दरवर्षी उन्हाळ्याआधी वखारीमागच्या वस्तीतल्या पत्र्यांना चुन्याचे दोन हात मारून द्यायचे, फुकट, म्हणजे घरं भट्टीसारखी तापणार नाहीत. हेही त्यांच्या नियमांत आहे.

नोंदणीला दहा माणसं लागत होती आणि भरली नऊ. ती वडिलांकडे आली.

"मी सही केली तर आमचे शेठ मला गोणीत भरतील," ते म्हणाले. "तुझ्या आईला विचार. तिला कुणी नोकरीवरून काढू शकत नाही."

मी सही केली. दहावी सभासद. सभेला कधी गेले नाही. मला वाटलं, कागदाची सोय आहे, झाली.

त्यांची मत द्यायची पद्धत मला तिने तेव्हाच सांगितली होती. आधी हात वर करायचे. पण माणसं आजूबाजूला बघत, खांद्याइतकाच हात उचलत, मग खाली घेत. म्हणून विटा आल्या. प्रत्येक सभासदाची एक वीट, आपापली खूण केलेली. सभेत एक लांब फळी मांडतात. होकार असेल तर वीट आडवी ठेवायची, नकार असेल तर उभी. "वीट अर्धी उभी राहत नाही, आई," ती म्हणाली होती.

आणि त्यापुढचा नियम तिचाच. एकच वीट उभी राहिली तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबवायचा. तोवर ज्याने उभी केली त्याने प्रत्येक सभासदाच्या घरी जायचं. वखारीत गाठायचं नाही, त्याच्या घरी जाऊन बसायचं, आपलं सांगायचं, त्याचं ऐकायचं. पुढच्या सभेत दोन विटा उभ्या राहिल्या तर विषय बंद, ठराव बारगळला. पुन्हा एकच राहिली, तर त्याने ती आडवी करायची, नाहीतर संस्था सोडायची. मला तो नियम तेव्हा फार सुंदर वाटला होता. सगळे एकमेकांना जीव लावून होते, त्या दिवसांतला तो नियम. एकटं पडलेलं माणूस घरोघर फिरेल तेव्हा त्याला कसं वाटेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

तिचे वडील गेले. भाऊ दूरच्या शहरात स्थायिक झाला. दर रविवारी फोन करतो आणि विचारतो, "ठेकेदारीणबाई काय म्हणतायत?" मी म्हणते, ठीक आहे. तीही मला तेच सांगते. रोज संध्याकाळी आमचं फोनवर बोलणं होतं.

"जेवलीस?"

"हो."

"काय जेवलीस?"

"जेवण, आई."

एवढ्यावर मी किती वर्षं ओळखायचा प्रयत्न करतेय की ती बरी आहे की नाही.

गेल्या आठवड्यात टेम्पोवाले मामा आले. वयाने माझ्याहून लहान, पण सगळे मामा म्हणतात म्हणून मीही म्हणते. हातात पितळी बिजागरी.

"बाई, तुमचं मागचं दार कुरकुरतं म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ताईंनी. म्हणाल्या, जाता जाता बसवून द्या."

"तिला यायला काय झालं?"

मामा दाराशी वाकले आणि वीट बाजूला सारली. मग ती उचलून बघत बसले. "बोटं उमटलीत की हो. ही तुमची होय? मला वाटलं तुमची फळीवरची तीच."

"फळीवरची कुठली?"

"सभेची. दहावी. भूगोलाच्या बाईंची म्हणून तिच्यावर ताईंनी गोल काढलाय, पृथ्वीसारखा."

"पण मी तर कधी येत नाही!"

"म्हणून तर आम्ही ठेवतो. न येणाऱ्याची वीट आडवी. पहिल्यापासून तसंच आहे." ते सहज बोलत होते, स्क्रू पिळता पिळता. "तुम्ही आमच्या सगळ्यात गुणी सभासद, बाई. आजवर एकदाही नाही म्हणाला नाहीत."

मी हसले. मग विचारलं, "मागच्या सभेतही?"

त्यांचा हात थांबला. मला वाटतं, मला काहीच माहीत नाही हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. मी चहा ठेवला आणि त्यांना बसवलं. बसल्यावर त्यांनी सांगितलं.

एका बांधकाम व्यावसायिकाने एक जुनी इमारत घेतलीय. कधीकाळी कुठल्याशा कार्यालयाच्या नोकरांसाठी बांधलेली, चार मजली, आता रिकामी. सगळं बांधकाम चुन्यातलं, तुळया सागवानी. ती हाताने सोडवायचं काम तो संस्थेला देतोय. दोन वर्षांचं काम. यंत्रं स्वस्त झाल्यापासून संस्थेला काम मिळेनासं झालंय, हे मला तेव्हाच कळलं. नऊ विटा आडव्या पडल्या. एक उभी राहिली.

"तिचीच ना?"

"त्यांचीच. म्हणतात, इमारत धडधाकट आहे. भिंतीत बसलेली वीट ही सगळ्यात चांगली वीट, तिला काढायचीच कशाला? दुरुस्त करा, अजून शंभर वर्षं माणसं राहतील. आणि मालक म्हणतो, मी पाडणारच. तुम्ही सोडवलीत तर माल वाचेल, नाहीतर यंत्र लावतो, सगळा राडारोडा. आता सांगा बाई, कोण चूक?"

"कोण?"

"तेच तर! कुणीच नाही. म्हणून तर मिटेना. मालक वर पाटी लावणार आहे, इथली प्रत्येक वीट पुन्हा वापरली, आणि खाली आमच्या संस्थेचं नाव. ताई म्हणाल्या, आपण काय त्याच्या पाडकामावर शिंपडायचं अत्तर आहोत का? सुतार म्हणाला, असू दे अत्तर, विकलं तर जातंय."

"आणि घरोघर जायचं?"

"गेल्या की. सगळ्यांकडे. मावशींकडे गेल्या तर मावशींनी गुडघे दाखवले. म्हणाल्या, मला अजून दोन वर्षं काम दे, मग तुझ्या विटेचं बघू. वर म्हणाल्या, तू पत्र्यांना चुना मारतेस तो चुना काय आभाळातून पडतो? सुताराची पोरगी यंदा कॉलेजात जायची आहे. तो म्हणाला, ताई, तू बरोबर आहेस, पण मला काम हवंय. आता यावर काय बोलणार?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी टेम्पोचे टायर दाखवले." मामा हसले नाहीत. "त्यांनी खाली बसून चारही टायर नीट बघितले, बाई. म्हणाल्या, मामा, खरंच गेलेत. आणि गेल्या. वाद घालायला आल्या होत्या आणि टायर बघून गेल्या. आता वखारीत कुणी त्यांच्याशी वाकडं बोलत नाही, पण सरळही बोलत नाही. त्या आल्या की गप्पा थांबतात. ताई डबा घेऊन त्या इमारतीत जाऊन बसतात म्हणे."

मी विचारलं, सगळ्यांकडे गेली तर माझ्याकडे का नाही आली? मीही सभासद आहे.

मामांनी कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मी म्हणालो होतो त्यांना. नियमाप्रमाणे बाईंकडे जायला हवं. तर म्हणाल्या, आईला यात धरू नका. तिच्याकडे गेले तर ती म्हणेल, सोड सगळं, घरी चल. आणि मामा, मी इतकी दमलेय की हो म्हणेन."

बिजागरी त्यांनी उत्तम बसवली. दार आता अजिबात कुरकुरत नाही, आणि मला तो आवाज नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ती इमारत शोधत गेले. बसने, मग थोडं चालत. रस्ता रुंद, दोन्हीकडे नवे काचेचे मजले, आणि मध्येच ही, खाली मान घालून उभी असल्यासारखी. खिडक्यांवर जाड दगडी पट्ट्या, म्हणजे ऊन थेट आत येणार नाही. मी कडेच्या भिंतीला हात लावला. भर उन्हात भिंत गार होती. शेजारच्या काचेच्या इमारतीतून यंत्रांची गरम हवा रस्त्यावर येत होती आणि माणसं तिथून भराभर पावलं उचलत होती. मला वर्गातला माझाच धडा आठवला, जाड भिंत दिवसाची उष्णता हळूहळू घेते वगैरे. पुस्तकात एवढंच होतं. भिंतीला हात लावा, असं मी एकाही मुलाला सांगितलं नव्हतं, कारण तशी भिंत शाळेला नव्हती.

मग मला ती दिसली. तळमजल्याच्या उघड्या दारातून, जिन्याच्या पायरीवर. मांडीवर डबा. ती जेवत होती आणि जेवता जेवता समोरच्या भिंतीकडे बघत होती, जसं समोर बसलेल्या माणसाकडे बघावं. मध्येच काहीतरी बोललीसुद्धा. ओठ हलले. फोन कानाला नव्हता.

तिच्या केसांत पांढरं आलंय. घरी आली की दिव्याखाली दिसत नाही, तिथे उजेड बाजूने येत होता.

मी हाक मारणार होते. मारली असती तर तिने ओठाच्या कोपऱ्यातून हसून "तू इथे कशी?" म्हटलं असतं, डबा झाकला असता आणि सगळं ठीक आहे असं दाखवलं असतं. तिला निदान त्या पायरीवर तरी ठीक असल्याचं सोंग करावं लागू नये, म्हणून मी आल्या पावली परत फिरले. बस यायला वेळ होता. मी थांब्यावर उभी होते आणि तिथल्या एका बाईने विचारलं, "काही हरवलंय का तुमचं?"

त्या दिवसापासून मी एकच गोष्ट उलटसुलट करत बसलेय.

खरं सांगते, तिने हे सोडावं असं मला मनापासून वाटतं. आजचं नाही, नेहमीचंच. मागची खोली मी आवरून ठेवलीय. गादीला नवी खोळ शिवली. उद्या मी काहीच केलं नाही, इथे गप्प बसले, तर काय होईल ते मला स्पष्ट दिसतंय. फळीवर माझी वीट कुणीतरी आडवी ठेवील. तिची एकटीची उभी राहील. ती काही आडवी करणार नाही. ठोकळ्यांच्या वयापासून ओळखते मी तिला. ती आपली वीट उचलेल, पुसेल आणि निघेल. मग माझ्याकडे येईल. मागच्या खोलीत राहील. कुठेतरी चांगल्या पगारावर लागेल. रोज काय जेवते ते मला डोळ्यांनी दिसेल.

आणि तिच्या आईची वीट तिच्याविरुद्ध आडवी पडली होती, हे ती त्या खोलीत घेऊन येईल. बोलणार नाही. भांडी घासेल.

दुसरीकडे, मी गेले आणि वीट उभी केली, तर दोन होतील. विषय बंद. मग मावशींच्या गुडघ्यांचं काय? सुताराच्या मुलीचं? मामांचे टायर तर मला आता टेम्पो न बघताही दिसतात. मुलगी एकटी पडू नये म्हणून बाकीच्या आठ घरांचं काम बंद करणं, हे आईचं मत झालं. सभासदाचं नव्हे. मालक दुरुस्तीला तयार होईल का, त्याला कुणी कागदावर मांडून दाखवलंय का, दुरुस्तीत या सगळ्यांना काम मिळेल का, किती जणांना, हे मला माहीत नाही. सगळ्यांनी तिला आपलं घर दाखवलं. हे प्रश्न तिला कुणी विचारले का? घरी बसवून, चहा पुढे ठेवून, 'बरं, मग तुझं म्हणणं काय, नीट सांग,' असं? मामांच्या बोलण्यावरून तरी नाही. तिनेही टायर बघितले आणि उठून गेली. ती दुसऱ्याचं इतकं ऐकते की आपलं सांगायचं राहून जातं. लग्नाच्या वेळीही तेच झालं असेल, असं मला आज पहिल्यांदाच वाटलं.

आज संध्याकाळी नेहमीसारखा फोन झाला.

"जेवलीस?"

"हो."

"उद्या काही विशेष?"

"नाही गं. सभा आहे दुपारी. नेहमीचीच."

"बरं."

"दार कसंय?"

"छान. आवाज नाही करत."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ कुणीच फोन ठेवला नाही. तिच्या खोलीत पंखा चालल्याचा आवाज येत होता. त्याला कधीचं तेल हवंय. दुनियेची दारं नीट करते आणि स्वतःचा पंखा तसाच.

इतक्या वेळाने आता मला कळतंय की तेव्हा ती वाट बघत होती. 'घरी चल' या दोन शब्दांची. ऐकायचे नव्हते आणि हवेही होते.

ते मी म्हणणार नाही. ते म्हणायला आयुष्य पडलंय, आणि खोली कुठे पळून जात नाही. पण तिचा नियम तिनेच मोडलाय. दहा सभासदांपैकी नऊ घरं झाली, त्यांत तिचं स्वतःचं धरून. दहावं राहिलंय. मी ते मोजून घेणार. सभा दुपारी आहे, सकाळ मोकळी आहे. तिने यावं, समोर बसावं. माझ्याकडे खुर्च्या सहा आहेत. माझी वीट उभी राहील की आडवी, ते मला खरंच अजून माहीत नाही, आणि तिचं ऐकल्यावर मी आडवीही ठेवीन कदाचित. पण माझ्या हाताने ठेवीन, तिच्यादेखत, का ते सांगून. ही दारामागची बोटांच्या ठशांची वीट मी पुसून टेबलावर आणून ठेवलीय. त्यांना चालत असेल तर हीच नेईन.

फार उशीर झालाय खरा. पण ती जागी आहे, हे मला इथून कळतं. ती झोपली असती तर मला झोप आली असती.

फोन लावते. पहिलं वाक्य तोंडातून "जेवलीस का" असंच निघणार, त्याला माझा इलाज नाही. दुसरं ठरवून ठेवलंय: "मी दहावी सभासद बोलतेय. माझ्या घरी यायचं तुझं राहिलंय."